द्रव्य : वर्गीकरण, गुणधर्म व अवस्था

ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते द्रव्य. रसायनशास्त्रात त्याचे वर्गीकरण दोन अंगांनी होते. घटकांवरून मूलद्रव्य, संयुग व मिश्रण. भौतिक अवस्थेवरून स्थायू, द्रव व वायू. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत भातखाचरे, डोंगरमाथे आणि रासायनिक कारखाने एकमेकांना लागून आहेत, म्हणून या नोंदीतील उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

मिश्रणे : माथेरानच्या माथ्यावरचा तांबडा जांभा खडक हे विषमांगी मिश्रण आहे. लोह व ॲल्युमिनिअम यांच्या ऑक्साइडांचे वेगवेगळ्या रंगांचे भाग त्यात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. पावसाळ्यातले उल्हास नदीचे गढूळ पाणी हे निलंबन. हंडाभर पाणी तसेच ठेवले की गाळ तळाशी बसतो, तुरटी फिरवली की लवकर बसतो. मिठाचे पाणी मात्र कितीही वेळ ठेवले तरी निवळून वेगळे होत नाही. ते समांगी मिश्रण, म्हणजे द्रावण.

गुणधर्म : वस्तुमान व आकारमान हे पदार्थ किती घेतला यावर अवलंबून असतात. घनता, द्रवणांक, उत्कलनांक तसे नसतात, आणि म्हणूनच पदार्थ ओळखायला तेच उपयोगी पडतात. घनतेचा जुना आणि आजही शिफारस होणारा उपयोग भाताच्या बियाण्यात दिसतो. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात व ढवळतात. या द्रावणाची घनता साध्या पाण्यापेक्षा थोडी जास्त असते. पाणी स्थिरावले की पोचट व अर्धवट भरलेले दाणे वर तरंगतात, भरदार दाणे बुडतात. तरंगणारे काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. धुण्यात हयगय केली तर उरलेले मीठ उगवणीला बाधते. ‘कर्जत-३’सारखे वाण देणारे भात संशोधन केंद्र ज्या कर्जतमध्ये आहे, तिथल्या शाळांनी घनतेचा धडा या प्रयोगाने सुरू करावा.

अवस्था : स्थायूतील कण जागच्या जागी कंप पावतात, द्रवातील कण एकमेकांवरून सरकतात, वायूतील कण मोकळे फिरतात. कोणती अवस्था असेल हे पदार्थाइतकेच तापमान व दाब ठरवतात. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या भांड्यातली डाळ शिजायला पायथ्यापेक्षा जास्त वेळ घेते.

पाताळगंगेच्या औद्योगिक पट्ट्यात रिलायन्सने १९८२ मध्ये पॉलिएस्टर धाग्याचे उत्पादन सुरू केले. हा धागा म्हणजे अवस्थांतराचेच काम. सुमारे २६० अंशांना वितळणारे बहुवारिक त्याहून थोड्या जास्त तापमानावर पातळ करून बारीक छिद्रांतून दाबतात. बाहेर पडलेल्या धारा हवेने निवून क्षणात स्थायू तंतू होतात. यात रासायनिक रचना बदलत नाही, म्हणून हा भौतिक बदल.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र रसायनीचे. तिथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सार्वजनिक कंपनीने डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हे संयुग इस्रोसाठी तयार केले. इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यातील ‘विकास’ इंजिनात ते इंधन जाळण्यासाठी ऑक्सिडीकारक म्हणून वापरतात. त्याचा द्रवणांक उणे ११ अंश, तर उत्कलनांक सुमारे २१ अंश. कर्जत-खालापूरची हिवाळी पहाट याच्या खाली असते आणि दुपार वर. म्हणजे बंद टाकीत, दाबाखाली ठेवले नाही तर हे द्रव्य एका दिवसात द्रव आणि वायू अशी दोन्ही रूपे घेईल. शिवाय तापमान वाढते तसे त्याचे रेणू दुभंगून तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड होतो व थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. स्थायू रूपात रंगहीन असलेला हा पदार्थ द्रवरूपात पिवळसर तपकिरी दिसतो तो याच मिसळीमुळे. बाष्पीभवन हा भौतिक बदल आणि रेणू दुभंगणे हा रासायनिक बदल एकाच टाकीत सोबत चालतात. संयुग आणि मिश्रण यांच्यामधली रेषाही इथे पुस्तकात दिसते तितकी ठळक राहत नाही. बर्फ, पाणी, वाफ या ठरलेल्या उदाहरणातून हे कळत नाही.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतील या कंपनीचे तोट्यातील प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातून डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प तेवढा वगळून तो इस्रोकडे सोपवायचे ठरले.