शांत वर्षांतील पहारा

साथींचा इतिहास लिहिताना साथीची वर्षे तेवढी ठळकपणे नोंदली जातात. दोन साथींमधील शांत वर्षांची पाने बहुधा कोरीच राहतात. रोग दिसत नाही, त्या अर्थी तो नाही, असे मानून आपण निर्धास्त होतो. ही समजूत किती फसवी असते, हे डासांवाटे पसरणाऱ्या विषाणूंच्या महाराष्ट्रातील इतिहासावरून स्पष्ट होते. या इतिहासात बुलढाणा जिल्ह्याचे नाव क्वचितच येते. तथापि त्यातून घ्यावयाचा बोध या जिल्ह्यास विशेष उपयोगी आहे, असे आम्हांस वाटते.

१९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पुण्यास विषाणु संशोधन केंद्र उभे राहिले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. केंद्राच्या आरंभीच्या कामांपैकी एक काम म्हणजे देशातील निरनिराळ्या भागांतील रहिवाशांचे रक्त तपासणे. विषाणु शरीरात येऊन गेला म्हणजे त्याची खूण रक्तात मागे राहते. समोर कोणी रोगी नसतानाही ती खूण वाचता येते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या तपासणीच्या वृत्तांतात झिका विषाणूचीही खूण नमूद आहे. जवळच्या जातीच्या विषाणूंमुळेही अशी खूण उमटू शकते, सबब तिला निर्णायक पुरावा म्हणता येत नाही. परंतु महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रोगी पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला तो २०२१ साली, हे ध्यानी घेतले म्हणजे अशा जुन्या नोंदींचे मोल कळते.

चिकुनगुन्याची कथा याहून बोलकी आहे. १९५२ साली आफ्रिकेतील टांगानिकात ओळखला गेलेला हा रोग १९६३ साली कलकत्त्यास व १९६५ साली नागपुरास आला. नागपूरच्या तापाचा शोध चालू असता भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांना रोग्यांच्या रक्तात एक अगदी निराळाच विषाणु आढळला, तोच चंदीपुरा. पहारेकरी जागा असला म्हणजे न शोधलेलेही हाती लागते, ते असे. पुढे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ झाली, आणि त्यानंतर सर्व शांत झाले. १९८६ साली पुण्याच्या संस्थेच्या संचालिका डॉ. खोर्शेद पावरी यांनी हा विषाणु भारतातून नाहीसा झाल्याविषयी लिहिले. त्या वेळच्या पुराव्यावरून ते म्हणणे वाजवीच होते.

पण २००५ च्या अखेरीस साथ परतली. २००६ साली एकट्या महाराष्ट्रात अडीच लाखांहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. आता आलेला विषाणु १९६३ ते १९७३ या काळातील आशियाई वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा होता. आणि याच वंशाचा विषाणु पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांतून मिळाला होता, असेही दिसून आले. म्हणजे पाहुणा पाच वर्षे आधीच उंबरठ्याच्या आत आला होता. घर मात्र झोपेत होते.

आता बुलढाण्याकडे वळू. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, अनेक गावच्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे नसते. घाटावर उन्हाळ्यात विहिरी आटतात. सबब पाणी साठवणे हा येथील संसाराचा धर्मच होय. चिकुनगुन्या व डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच रांजणांत, पिंपांत व हौदांत अंडी घालतो. डास स्वतः काही शे हातांपलीकडे सहसा जात नाही. विषाणु लांबचा प्रवास करतो तो माणसाच्या रक्तातून. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानके, आणि शेगावास यात्रेकरूंची सततची रीघ. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हे आरोग्यसेवक मोजतात. टंचाईच्या दिवसांत, डोक्यावरून आणलेले पाणी ओतून द्या, असे त्यांनी सांगितले तर गृहिणीस राग येतो, आणि तो रास्त आहे. परंतु तेच पाणी कापडाने गाळून, भांडे आतून घासून, पुन्हा भरून घट्ट झाकता येते. घासणे अवश्य आहे. कारण भांड्याच्या कोरड्या कडेस चिकटलेली अंडी कित्येक महिने जिवंत राहतात व पाणी लागताच फुटतात. गावात एकही तापकरी नसताना दारी आलेल्या त्या सेवकास आपण बहुधा उगाच त्रास देणारा समजतो. यवतचे डास पकडणाऱ्यांच्या वेळीही साथ कोठेच दिसत नव्हती.