आगीशिवाय डागडुजी

माझ्या लहानपणी धंतोलीत कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि तापल्या पितळेवर झरझर पसरणारे कथील. झिजलेली धातूची वस्तू दुरुस्त करायची तर ती तापवायलाच हवी, ही समजूत तिथेच पक्की झाली. टिटॅनियमने ती मोडली.

आज याच धंतोलीत रुग्णालये दाटली आहेत. मोडलेले हाड सांधणारी पट्टी अनेकदा टिटॅनियमची असते. नागपुरातच मिहानला विमानदुरुस्ती केंद्र आणि वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. विमानांतही हा धातू लागतो, कारण तो बळकट, पण पोलादाहून बराच हलका. मात्र तापला की तो हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग करताना आरगॉनचे आवरण लागते; तरीही पातळ भाग वाकण्याची भीती असतेच.

धातू फवारण्याची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी झुरिकच्या मॅक्स शूप यांनी वितळलेला धातू हवेच्या झोताने फवारला. पण तिथेही वितळवणे आलेच. १९८०च्या दशकात सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन आणि सहकारी वेगवान वायुप्रवाहात धातूचे कण सोडून प्रयोग करत होते. ठरावीक वेगापुढे कण पृष्ठभाग खरवडण्याऐवजी न वितळता त्यावर चिकटू लागले. यातूनच ‘कोल्ड स्प्रे’ जन्मले.

वायू काही शे अंश तापवतात. ‘थंड’ एवढ्याच अर्थाने, की भुकटी वितळत नाही. टिटॅनियम वितळते १,६६८ अंश सेल्सिअसला. केसाहूनही बारीक कण सेकंदाला ५०० ते १,००० मीटर वेगाने आदळतात, चपटे होतात, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि धातूला धातू भिडतो. आपल्याकडे हैदराबादच्या एआरसीआय या संस्थेत या तंत्रावर संशोधन होते.

टिटॅनियम मात्र सहज वश होत नाही. स्वस्त नायट्रोजनने फवारले तर थरात बारीक पोकळ्या राहू शकतात. हेलियमने थर घट्ट बसतो, पण तो वायू महाग. म्हणून झिजलेल्या जागी गेलेले माप भरून काढणे ही एक गोष्ट आणि सतत ताण सोसणाऱ्या भागाची भेग बुजवणे ही दुसरी. वरून दोन्ही सारखीच गुळगुळीत दिसतील. फरक आतल्या चाचणीत कळतो, आणि तो न कळल्याची किंमत प्रवासी मोजतो.

आमचा कल्हईवाला तळ विरलेले पातेले परत करायचा. “याला कल्हई करून उपयोग नाही, बाई,” म्हणायचा. त्या दिवशीची मजुरी बुडायची, तरीही.