तारेंतून येणारा आवाज : जुनी व्याधि आणि नवें औषध

माणसाचा आवाज तारेंतून दूरवर पाठविण्याच्या विद्येला दीडशें वर्षें होत आलीं. परंतु त्या आवाजाला वाटेंत जडणारी व्याधि अद्याप पुरती बरी झालेली नाहीं. पूर्वीं ती समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या शेंकडों मैलांच्या तारेंत होती. आज ती कानांत घालावयाच्या इयरफोनच्या हातभर तारेंत आढळते. तारेची लांबी बदलली, द्रव्य बदललें, आंतून वाहणारी वस्तुही बदलली. तक्रारी मात्र पुष्कळशा त्याच आहेत : आवाज खोल येत नाहीं, ‘स’ टोंचतो, मध्येंच खरखर होते, एक कान मुका होतो. या तक्रारींचें मूळ शोधावयाचें तर या विद्येचा इतिहासच थोडा चाळला पाहिजे.

प्रथम ही नवी तार म्हणजे काय तें पाहूं. पूर्वीं दूरध्वनियंत्राला वाटोळें भोंक असे व त्यांत इयरफोनची गोल खुंटी बसे. सन २०१६ पासून मोठ्या कारखान्यांनीं तें भोंक काढून टाकण्यास आरंभ केला, आणि २०१४ सालीं ठरलेल्या टाइप-सी नांवाच्या चपट्या खांचेंतूनच वीज, अक्षरें व आवाज हीं सर्व जाऊं लागलीं. या खांचेंतून बहुधा आवाज जातो तो आवाज म्हणून नव्हे, आंकड्यांच्या रूपानें. त्या आंकड्यांचा पुन्हा आवाज करावयाचा, म्हणून तारेच्या टोंकाशींच तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावी लागते. एवीतेवी चिप आलीच, तर तिच्याकडून आणखी एक काम करून घ्यावें असें कारागिरांच्या मनांत आलें. खर्जाचे स्वर किती द्यावे, मधले किती, तीव्र किती, हें माप तीच ठरवूं लागली. यालाच डिजिटल इक्वलायझर म्हणतात. आपण त्याला समतोलक म्हणूं.

समतोलाची ही गरज प्रथम भासली ती समुद्रांत. १८५८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयर्लंड व अमेरिका यांना जोडणारी पहिली तार अटलांटिक महासागरांत टाकून झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यावरून गेला, पण त्याला सुमारें १६ तास लागले. तारेच्या एका टोंकाला दिलेला विजेचा तीक्ष्ण ठोका दुसऱ्या टोंकाला पोहोंचेपर्यंत पसरून बोथट होई, आणि एक ठोका दुसऱ्यांत मिसळे. विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञानें हें आधींच गणितानें दाखविलें होतें. तारेची लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो, असा त्याचा सिद्धांत होता. त्याचा उपायही सौम्य होता : वीज थोडीच द्यावी, पण घेणारें यंत्र अत्यंत नाजूक असावें. उलट, कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा धंद्यानें वैद्य होता. रोगी ऐकत नसेल तर मात्रा वाढवावी, अशी जणूं त्याची समजूत. त्यानें सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब दिला, आणि आधींच दुबळी असलेली ती तार कांहीं आठवड्यांतच कायमची मुकी झाली. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे, म्हणून ती ध्यानांत ठेवावी.

थॉमसनचें म्हणणें खरें ठरलें. १८६६ सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीनें अटलांटिकांत टिकाऊ तार टाकली, आणि तीच आगबोट १८७० सालीं मुंबईस येऊन येथून एडनकडे तार टाकीत गेली. त्या वर्षापासून मुंबई व लंडन यांच्यांत समुद्रमार्गें बातमी जाऊं लागली. कोंकणच्या समोरच्या समुद्रांत आरंभ झालेल्या या तारेंत बोलणें नव्हतें, केवळ ठोके होते. बोलणें आलें तें १८७६ सालच्या टेलिफोनबरोबर. आणि १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांत टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं.

बोलण्याचा प्रवास ठोक्यांहून बिकट असतो. बोलण्यांत खर्ज असतो, तसे तीव्र स्वरही असतात. लांब तारेंत तीव्र स्वर अधिक झिजतात व खर्ज कमी झिजतो, यामुळें पलीकडच्यास आवाज येतो तो रजईंतून बोलल्यासारखा. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज पंडितानें १८८७ सालीं दाखवून दिलें कीं, तारेंत स्वयंप्रेरणेचा गुण योग्य प्रमाणांत वाढविला, तर सर्व स्वर सारखेच झिजतील व सारख्याच वेगानें पोहोंचतील. आवाज लहान होईल पण विरूप होणार नाहीं. ब्रिटिश पोस्टखात्याचा तज्ज्ञ विल्यम प्रीस याला हें मुळींच पटलें नाहीं, आणि हेविसाइडचें म्हणणें वर्षानुवर्षें धूळ खात पडलें. पुढें अमेरिकेंत कॅम्पबेल व प्यूपिन यांनीं तारेंत ठराविक अंतरावर वेटोळीं बसवून १९०० सालच्या सुमारास तेंच तत्त्व यशस्वी केलें. समतोलकाचा जन्म येथें झाला. त्याचा मूळ हेतु ध्यानांत घेण्याजोगा आहे : आवाज नटविणें हा नव्हे, तर वाटेंत जें हरवलें असेल तें प्रमाणांत भरून काढणें हा होय.

आतां तार सोडून आकाशाकडे वळूं. मुंबईचें नभोवाणीकेंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. त्याची शक्ति दीड किलोवॅट, आणि खात्रीनें ऐकूं येण्याचा टापू सुमारें ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्यांतलें गुहागर हें मुंबईपासून सरळ रेषेंत सुमारें १७० किलोमीटर, म्हणजे त्या टापूच्या तिपटीहून अधिक दूर. तथापि गुहागरसारख्या गांवाच्या बाजूस एक गोष्ट होती, ती म्हणजे समुद्र. मध्यम लांबीच्या लहरींना डोंगर व कोरडी जमीन मानवत नाहीं. खाऱ्या पाण्यावरून त्या फार कमी झिजून जातात. म्हणून देशावरच्या तितक्याच दूरच्या गांवापेक्षां किनाऱ्यावरच्या गांवाला मुंबईचा आवाज अधिक चांगला मिळावा, हा निसर्गाचाच न्याय. रात्रीं वरच्या वातावरणावरून परतून येणाऱ्या लहरींची त्यांत भर पडे. पण त्या लहरी चढत-उतरत येत, आणि आवाज भरतीओहोटीसारखा हेलकावे खाई. पुढें कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें काम हातीं घेतलें, १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओ हें नांव पडलें, १९३८ सालीं मुंबईस लघुलहरींचें यंत्र आलें, आणि १९७७ सालीं रत्नागिरीसच आकाशवाणीचें केंद्र झाल्यावर गुहागरचें अंतर सुमारें ५५ किलोमीटरांवर आलें.

आरंभींच्या त्या काळांत स्वस्तांतलें यंत्र म्हणजे गॅलेना नांवाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानांवर चढविलेली श्रवणकांची जोडी. या खड्याचा विद्युल्लहरी ओळखण्याकडे उपयोग करण्याचें अमेरिकन पेटंट आचार्य जगदीशचंद्र बोस यांना १९०४ सालीं मिळालें होतें, हें आपल्याकडील वाचकांस अभिमानाचें आहे. त्या यंत्राला विजेची बॅटरी लागत नसे, आणि आवाज मोठा करण्याची सोयही नसे. पुढें दिव्यांचे रेडिओ आले व त्यांवर ‘टोन’ नांवाची खुंटी आली. खरखर वाढली कीं घरचा वडीलधारा उठून ती खुंटी पिळी. बहुतेक यंत्रांत ती खुंटी तीव्र स्वर कापण्यापलीकडे कांहीं करीत नसे. खरखर त्यांतच असल्यामुळें तीही दबे. घरोघरचा पहिला समतोलक तो हाच, आणि तो वाढवीत नसे, वजा करी.

कानाच्या आंत बसणारें श्रवणक हेंही वाटतें तितकें नवें नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ अर्नेस्ट मर्काडिए यानें १८९१ सालींच तसल्या हलक्या जोडीचें पेटंट घेतलें होतें, आणि कानाला इजा होऊं नये म्हणून तिला रबराचें टोपण सुचविलें होतें. तें रूप सर्वत्र पसरण्यास मात्र शंभर वर्षें लागलीं. मधल्या काळांत दुसरीकडे आंकड्यांची विद्या वाढली. १९३७ सालीं अॅलेक रीव्ह्ज यानें आवाजाचे तुकडे मोजून त्यांचे आंकडे पाठवावे ही कल्पना मांडली. १९८२ सालीं निघालेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजलेला आवाज आला. १९७२ सालीं जॉर्ज मॅसेनबर्ग यानें असा समतोलक वर्णिला कीं, ज्यांत कोणता स्वर, किती रुंदीचा पट्टा व किती वाढघट हीं तिन्ही निरनिराळीं ठरवितां येतात. त्या काळीं तें यंत्र पेटीएवढें असे. आज तेंच गणित टाइप-सी खुंटीच्या पोटांत बसतें.

आतां तक्रारींकडे येऊं. पहिली, तार लावली तरी आवाजच नाहीं. कांहीं दूरध्वनियंत्रें टाइप-सी खांचेंतून आंकडे न पाठवितां जुन्या पद्धतीचा आवाजच पाठवितात, आणि चिप नसलेल्या स्वस्त जोडण्या फक्त अशा यंत्रांशींच चालतात. यंत्र व जोडणी एका जातीचीं नसलीं तर दोघेंही निर्दोष असून संवाद होत नाहीं.

दुसरी, आवाज मधून मधून तुटतो. जुन्या तारेंत जोड सैल झाला तर आवाज मंद होई किंवा खरखरे. आंकड्यांच्या तारेंत तो पुरा येतो किंवा येतच नाहीं. शिवाय आवाजाचे आंकडे ठराविक हप्त्यांनीं जातात, आणि एखादा हप्ता बिघडला तर तो पुन्हा मागविला जात नाहीं. तितका आवाज गेला तो गेलाच. गुहागरसारख्या ठिकाणीं या दोषास एक जास्त कारण असतें. टाइप-सी खांचेंत २४ संपर्क अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानें बसलेले असतात, आणि त्यांतील कांहींवर पांच व्होल्टचा दाब असतो. खारी दमट हवा व घाम यांचा थर तेथें बसला कीं वीज त्या ओलाव्यांतून झिरपते व धातु खाऊन टाकते. जी हवा दाराच्या कड्या व खिडक्यांचे गज खाते, तिला या सुया म्हणजे काय! खुंटी कोरडी पुसून झांकणाच्या डबींत ठेवणें हा त्यावर साधा उपाय आहे.

तिसरी, गुणगुण. चार्जर लावून ऐकत असतां ती येत असेल व चार्जर काढतांच जात असेल, तर दोष तारेचा नव्हे, चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेचा समजावा.

चौथी तक्रार महत्त्वाची, कारण तीत दोष ऐकणाराच निर्माण करतो. इयरफोनचें रबर कानांत घट्ट न बसलें तर खर्ज बाहेर निसटतो. ऐकणाऱ्यास वाटतें, तारेंत खर्ज कमी आहे. तो समतोलकावर खर्ज सहा डेसिबेल वाढवितो. सहा डेसिबेल म्हणजे विजेच्या लहरीची उंची दुप्पट. परंतु आंकड्यांना एक छत असतें. त्यावर आंकडा जाऊं शकत नाहीं. गाणें आधींच त्या छताला टेकलेलें असतें. मग लहरींचे शेंडे कापले जातात, आणि मृदंगाच्या थापेबरोबर फुटका आवाज येतो. म्हणून जाणते लोक एखादा स्वर सहा डेसिबेल वाढवावयाचा असेल तर आधीं एकंदर आवाज सहा डेसिबेल उतरवितात. त्याहून चांगलें म्हणजे आधीं रबर बदलून पहावें, आणि वाढविण्यापेक्षां जें जास्त आहे तें कमी करावें. व्हाइटहाउसनें समुद्रांत केलेली चूक ती हीच : जें अस्पष्ट आहे तें जोरानें स्पष्ट होत नाहीं.

यांतच आणखी एक गोष्ट आहे. कानाची नळी मोकळी असतांना तीन हजार कंपनांच्या आसपासचा स्वर ती स्वभावतःच वाढविते; रबरानें ती बंद केली कीं हा गुण बदलतो, आणि इयरफोन करणाऱ्यास ती तूट भरून द्यावी लागते. प्रत्येक जोडीची तूट वेगळी असल्यामुळें एका जोडीसाठीं बसविलेलें माप दुसरीस लावल्यास आवाज अधिकच बिघडतो. दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखेंच तें आहे.

हा सर्व खटाटोप केवळ गाण्याच्या शौकासाठीं नाहीं. कोंकणांतील कित्येक घरांत वृद्ध मंडळी गांवीं व मुलेंनातवंडें मुंबई-पुण्यास, आणि दोहोंमधला दुवा म्हणजे कानांतला आवाज. वयोमानानें प्रथम तीव्र स्वर ऐकूं येईनासे होतात. ‘स’, ‘फ’, ‘थ’ हीं व्यंजनें तेथेंच राहतात, म्हणून आवाज ऐकूं येतो पण शब्द कळत नाहीं. अशा कानाला तीव्र पट्टा मोजका उचलून व खर्ज उतरवून देणारा समतोलक खरोखरच साह्य करतो. पण त्याची मर्यादाही ओळखावी. टेलिफोनच्या जुन्या पद्धतींत ३०० ते ३,४०० कंपनांपलीकडचें कांहींच पाठविलें जात नाहीं, आणि जें पाठविलेंच नाहीं तें कोणतीही चिप परत आणीत नाहीं. शिवाय ही तार म्हणजे वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावयाचें श्रवणसाहाय्यक यंत्र नव्हे.

आणि कानाची मोजदादही विसरूं नये. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१९ सालीं ठरविलेल्या मर्यादेप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यास ४० तासांहून अधिक काळ ८० डेसिबेलचा आवाज ऐकूं नये; मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबेलची आहे. समुद्राच्या तळाची मुकी झालेली तार बदलून आठ वर्षांनीं दुसरी टाकतां आली. कानाच्या आंतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या म्हणजे माणसांत पुन्हा उगवत नाहींत. म्हणून आवाज नीट येईनासा झाला तर प्रथम जोड पहावा, मग रबर पहावें, मग माप पहावें. आणि जोर वाढविण्याच्या खुंटीकडे हात सर्वांत शेवटीं न्यावा.