तीन बंदुकांचे चिन्ह

बी.एस.ए. या विलायती मोटारसायकलीचे बोधचिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. शौकीन मंडळी तो बिल्ला हौसेने जपतात. त्यामागचा कामगारांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी ही कंपनी उभारली. लढाई थांबली की बंदुकांची मागणी आटे. म्हणून १८८० मध्ये सायकली आणि १९१० मध्ये मोटारसायकली आल्या. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही वस्तू एकाच कंपनीत घडत होत्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कारखान्यावर बाँब पडले व ५३ कामगार ठार झाले. १९७३ मध्ये कंपनीही कोसळली. बिल्ला जरूर जपावा. परंतु ज्या लढाईने या हातांना काम दिले, तिनेच त्यांचा बळी घेतला, याचे स्मरणही ठेवावे.