न्यूयॉर्कमधील हरवलेली खोली

मनोविकाराने ग्रस्त असलेल्या बेघरांसाठी न्यूयॉर्कमध्ये रुजलेल्या ‘आधारयुक्त निवासा’ची, म्हणजे भाडेकरूच्या हक्काची कायमची खोली आणि तिच्या जोडीला समाजसेवक, परिचारिका व औषधोपचाराची सोय देणाऱ्या घरांची, कहाणी त्या शहराने आधी स्वतःच गमावलेल्या खोलीपासून सुरू होते. एकट्या, तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला आठवड्याच्या भाड्याने राहता येईल अशी हॉटेले तेथे गल्लोगल्ली होती. एक खाट, एक कपाट, दाराला कुलूप आणि मजल्यावरील सर्वांना मिळून एक न्हाणीघर, एवढाच त्यांचा थाट असे. अशा नव्या खोल्या बांधण्यास १९५५ मध्ये बंदी आली, आणि १९७०च्या दशकात जुन्या हॉटेलांच्या जागी महागड्या सदनिका करणाऱ्या मालकांना शहराने करसवलतही देऊ केली.

याच काळात मनोरुग्णालये रिकामी होत होती. न्यूयॉर्क राज्याच्या रुग्णालयांत १९५५ साली सुमारे ९३,००० रुग्ण होते; क्लोरप्रोमाझिनसारखी नवी औषधे आली, १९६३च्या संघीय कायद्याने वस्तीपातळीवरील उपचारकेंद्रांचे आश्वासन दिले, आणि १९६५ मध्ये सुरू झालेली ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च उचलत नसल्याने रुग्णांना बाहेर पाठवणे राज्यांच्या सोयीचे ठरले. उपचारकेंद्रे मात्र पुरेशी निघालीच नाहीत. सुटलेले रुग्ण प्रथम या हॉटेलांत विसावले आणि ती बंद होताच रस्त्यावर आले. १९७९च्या एका खटल्यातून १९८१ मध्ये झालेल्या तडजोडीने बेघर पुरुषांना निवारा देण्याचे बंधन शहरावर आले खरे, पण शस्त्रागारांच्या अवाढव्य दालनांत ओळीने मांडलेल्या शेकडो खाटांमध्ये कोणाच्याही मालकीचे दार नव्हते, आणि भयाने व भासांनी पछाडलेल्या माणसाला खाटेइतकीच दाराचीही गरज असते.

हे दार परत मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मबंधूंना जाते. ज्या हॉटेलात ते अशा रुग्णांना भेटत असत तेच हातचे जाऊ लागल्यावर त्यांनी पूर्व २४व्या रस्त्यावरील एक हॉटेल विकत घेतले, आणि १९८० मध्ये तेथे ‘सेंट फ्रान्सिस रेसिडेन्स’ सुरू केले. खोली जुन्याच धर्तीची होती; नवे होते ते हे, की औषधांची आठवण करणारे आणि बिनसलेले वेळीच ओळखणारे माणूस आता त्याच इमारतीत होते.

खर्च कोणी सोसायचा, हा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. रुग्णालये बंद करून राज्याचा पैसा वाचत होता, तर निवाऱ्यांचा भार मुख्यतः शहरावर पडत होता. अखेर १९९० मध्ये राज्यपाल मारिओ कुओमो आणि महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या कारकिर्दीत दोघांचा करार होऊन सुमारे ३,६०० घरांची तरतूद झाली. या घरांत गेलेल्या ४,६७९ जणांचा डेनिस कल्हेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. घर मिळण्यापूर्वी अशा प्रत्येक माणसावर निवारे, रुग्णालये व तुरुंग मिळून वर्षाला सुमारे ४०,००० डॉलर सार्वजनिक खर्च होत असे. घर मिळाल्यावर दर घरामागे त्यात वर्षाला सुमारे १६,३०० डॉलरांची घट झाली, आणि घराचा खर्च सुमारे १७,३०० डॉलर होता. म्हणजे माणसाला रस्त्यावरून घरात आणण्याची निव्वळ किंमत वर्षाला हजार डॉलरांच्या आसपास होती. घर फुकटात पडते असे हे आकडे म्हणत नाहीत, आणि तसे ते म्हणावेत ही अपेक्षाही अन्यायाची आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही आजाऱ्याच्या छपराने स्वतःचा खर्च भरून काढावा असे कोणी मागत नाही.

१९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उपचार घेण्याची वा व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर देण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्येच सुरू केली. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत ती दोन हजारांहून अधिक लोकांवर पडताळून पाहिली, तेव्हा घरात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढले. आजाराची लक्षणे मात्र घर न मिळालेल्यांच्या तुलनेत फारशी वेगळी सुधारली नाहीत, आणि खर्चाची भरपाई मुख्यतः त्यांच्याच बाबतीत झाली, ज्यांच्या आधीच्या वाऱ्या रुग्णालय आणि पोलीसठाण्याकडे सर्वाधिक होत असत.