जुनी बंदूक कोणाची?

१/ गोराई, मनोरी, उत्तन ही गावे ज्या बेटावर वसली आहेत, तेथील धारावी किल्ला मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या काळी बंदूक जिंकणाऱ्याची किंवा मोल देऊन घेणाऱ्याची असे.

२/ १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीयांना मात्र सूट होती. या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला.

३/ स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही परवाना राहिलाच. परवानाधारक आपली बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकू शकतो. पण त्याआधी जिल्हा दंडाधिकारी वा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते.

४/ दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, अशी जुन्या घडणीची बंदूक मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पणजोबांची ठासणीची बंदूक आजही बार काढत असेल, तर ती शस्त्रच.

५/ संग्राहकाचा खरा पेच येथे आहे. बंदूक चालती ठेवावी, तर परवाना हवा. कायमची निकामी करावी, तर जुन्या कारागिराने घडवलेली तिची कळच नष्ट होते. कायदा विचारतो, बार उडतो का. इतिहास विचारतो, तो कसा उडत असे.