इंग्लंडमधील स्थानिक आरोग्य निरीक्षकांचे वेतन आणि केंद्रीय नियंत्रण (१८४८ ते १९२१)

प्रस्तावना :
अधिकाऱ्याचे वेतन कोणी द्यावे, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा वाटतो. परंतु ज्याला आपल्या वेतनदात्यांविरुद्धच कारवाई करावी लागते, त्याच्या बाबतीत तो कर्तव्यस्वातंत्र्याचा प्रश्न ठरतो. इंग्लंडमधील स्थानिक आरोग्य निरीक्षकांचा इतिहास याची साक्ष देतो. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

स्थानिक सत्तेचा काळ :
१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक मंडळांना 'उपद्रव निरीक्षक' नेमणे भाग पाडले. तुंबलेली शौचकूपे, दाटीवाटीची घरे व नासलेले मांस शोधून संबंधितांवर नोटीस बजावणे हे त्याचे काम होते. त्याचे वेतन मात्र स्थानिक करांतून दिले जाई आणि कर वाढू नये ही करदात्यांची अपेक्षा असे. मंडळाच्या सदस्यांत घरमालक व दुकानदारही असत. साहजिकच कर्तव्यदक्ष निरीक्षक अनेकदा मंडळालाच अप्रिय होई. १८५५ च्या कायद्याने लंडनमध्येही असे निरीक्षक नेमणे बंधनकारक झाले. तथापि त्यांची नेमणूक व बडतर्फी स्थानिक संस्थांच्याच हाती राहिली.

अर्ध्या वेतनाची अट :
१८७१ मध्ये 'लोकल गव्हर्नमेंट बोर्ड' स्थापन झाले. पुढील वर्षीच्या कायद्याने नगर व ग्रामीण अशा सर्व आरोग्य प्राधिकरणांना वैद्यकीय अधिकारी व निरीक्षक नेमणे सक्तीचे केले. त्यांच्या वेतनाचा अर्धा भाग संसदेने मंजूर केलेल्या निधीतून मिळू लागला. मात्र अनुदान घेतल्यास नेमणूक, पात्रता, वेतन व सेवाकाल यांवर बोर्डाचे नियंत्रण मान्य करावे लागे. १८७५ च्या कायद्यानेही हीच चौकट कायम ठेवली.

या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. अनुदान नाकारणारे प्राधिकरण या नियंत्रणाबाहेर राही. शिवाय मुदतीची नेमणूक संपल्यावर ती पुन्हा न करणे, हा बडतर्फीचाच सभ्य पर्याय होता. १८८८ नंतर हा अर्धा वाटा काउंटी परिषदांमार्फत येऊ लागला, तरी मूळ दुबळेपणा टिकून राहिला. अखेर १९२१ च्या कायद्याने असा वाटा मिळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुदतबंद नेमणुका थांबविल्या आणि आरोग्यमंत्र्यांच्या संमतीविना त्यांना दूर करण्यास मनाई केली.

निष्कर्ष :
केंद्राचे वेतननियंत्रण हे स्थानिक स्वायत्ततेवरील आक्रमण होते, असे म्हणता येईल; परंतु निरीक्षकाच्या दृष्टीने तेच त्याचे संरक्षक कवच होते. १८७२ मध्ये शासनाने अर्धे वेतन दिले, पण सेवेची शाश्वती देण्यास आणखी ४९ वर्षे लागली. केवळ पैसा पुरविल्याने अधिकारी निर्भय होत नाही. त्यास सेवासुरक्षेची जोड लागते, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.